दोन बगळ्यांचा खाका

ते साल दोन हजार तेवीस. अधिक श्रावण आल्यामुळे सगळे सण महिनाभर पुढे सरकले होते आणि महालक्ष्म्या पार सप्टेंबरच्या उतरणीला आल्या होत्या. पुढे कितीतरी वर्षं ताथोडांच्या घरात कोणतीही जुनी गोष्ट निघाली की ती त्या महालक्ष्म्यांच्या आधीची का नंतरची, एवढंच विचारलं जायचं.

रागिणीच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि शकुनने लेकीच्या सासरचं महालक्ष्म्यांचं जेवण एकदाच चुकवलं होतं, तिचे यजमान चंद्रभान गेले त्या वर्षी. यंदा मात्र अमरावतीहून अकोल्याला निघताना तिचं पाऊल उंबऱ्यात अडखळलं. गाडीत पुरणाचा डबा होता, लेकीच्या सासरच्या, गावंडेंच्या महालक्ष्म्यांसाठी घेतलेली दोन पातळं होती आणि नीलमच्या पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला तो दिल्लीच्या वकिलाचा कागद होता.

शकुनचा मुलगा विपुल गाडी चालवत होता, शेजारी त्याची बायको नीलम. मागे शकुन आणि त्यांची लेक अपेक्षा. राजापेठ सुटलं, बडनेरा मागे पडलं.

"माय, तिथं गेल्यावर तू काई बोलू नको," विपुल आरशातून बघत म्हणाला. "मी अन् अनुपराव जावई पाहून घेऊ."

"मी काहून नाई बोलू? दुकानावर नाव मायं हाये."

"तुमचं नाव पाटीवर हाये, आत्याबाई," नीलम मागे न वळता सासूला म्हणाली. "कागदावर माया लेकीचं हाये."

ती ताथोडांची रीत होती आणि घालून दिली होती चंद्रभाननी. घरात नवी वस्तू आली, मग ती विहिरीवरची मोटर असो की मोपेड, ती लेकीच्या नावाने घ्यायची. लेकीच्या नावाने घेतलेलं घरात टिकतं, असं ते म्हणत. शकुनचं पहिलं भरतकामाचं मशीन आलं तेव्हा रागिणी सहा वर्षांची होती; पावती तिच्या नावाने फाडली होती. पुढे दुकान मोठ्या गाळ्यात गेलं, विपुलने कॉम्प्युटरवर चालणारं बारा सुयांचं मशीन आणलं, तेव्हा चंद्रभान नव्हते, पण रीत होती. अठरा वर्षांच्या अपेक्षाला कॉलेजातून बोलावून घेतलं आणि तिच्या सह्या झाल्या. पाटीवर ‘शकुन एम्ब्रॉयडरी’, आणि सरकारदरबारी मालक कुमारी अपेक्षा विपुल ताथोड. सुईत दोरा ओवता न येणारी मालकीण, म्हणून घरात तिची चेष्टा व्हायची.

आता तीच अपेक्षा पंचवीस वर्षांची होती. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेत तिचं नाव लागलं होतं. राजापेठेत बॅनर लागले होते, पेढे वाटून झाले होते, फक्त पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी यायची राहिली होती. आणि नेमका तेव्हा कागद आला. पंधरा दिवसांत खुलासा करा, नाही तर पोलिसांत तक्रार होईल. बारा दिवस गेले होते.

शकुनने नातीचा हात हातात घेतला.

"जेवली का सकाळी?"

"हो, आजी."

ती जेवली नव्हती, हे शकुनला ठाऊक होतं.

*

हे सगळं सुरू झालं होतं आदल्या उन्हाळ्यात. रागिणीचा अंकुर, शकुनचा नातू, वऱ्हाडी बोलीत गाणी म्हणायचा. म्हणजे शकुनच्या मते तो भरभर बोलायचा आणि मागे ढोल वाजायचा. नव्या गाण्याचं चित्रीकरण होतं. तो अकोल्याहून आला आणि मोबाइल तिच्या पुढ्यात धरून बसला.

"आजी, असं जाकीट पायजे. व्हालब्रोनी कंपनीचं हाये. इटलीचं. मोठमोठे हीरो घालतात."

जाकिटाच्या पाठीवर दोन बगळे होते. माना वाकवलेल्या, आणि पाठीला पाठ लावलेली.

"हे काहून रुसून बसले रे एकमेकांवर?"

"तो त्यांचा छाप हाये, आजी. असाच असते."

शकुनने बटरपेपर घेतला आणि बगळा काढला. मग रेघेवरून सुईने बारीक बारीक भोकं पाडत गेली. याला खाका म्हणतात. भोकांचा कागद कापडावर ठेवायचा, रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा, की खाली कापडावर ठिपक्यांची नक्षी उतरते. जोडी काढायची तर दोन खाके कोणी पाडत नाही. एकच पाडायचा, एकदा सुलटा छापायचा आणि एकदा उलटा. उलटा कागद डावीकडे ठेवला तर पक्ष्यांची पाठीला पाठ लागते आणि उजवीकडे ठेवला तर समोरासमोर येतात.

शकुनने तो उजवीकडे ठेवला.

"आजी, ओरिजिनलमध्ये पाठ असते!"

"असू दे. पन्नास वर्षं झाली, नवरीच्या शेल्यावर मोर काढून राह्यली मी. पाठ फिरवलेली जोडी माया हातून उतरत नाई. अन् घरच्या पोराच्या पाठीवर तर नाईच."

अंकुर कुरकुरला, पण जाकीट घेऊन गेला. गाणं आलं. दोन महिन्यांत ते असं पसरलं की शकुनला भाजी आणायला गेलं तरी ऐकू यायचं. आणि गाण्याबरोबर बगळे पसरले. ऑटोच्या मागच्या काचेवर बगळे, केस कापायच्या दुकानावर बगळे, परतवाड्याच्या कबड्डी संघाच्या बनियनवर बगळे, वाढदिवसाच्या केकवर मलईचे बगळे. लग्नसराईत नवरदेवाच्या मित्रांना तेच जाकीट हवं असायचं. विपुलचं मशीन दिवसभर खडखडत होतं. शकुन संध्याकाळी दुकानात बसून जाकिटांच्या कॉलरला हाताने तुरपाई घालायची आणि समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या पोरांच्या पाठी बघायची. सगळ्या पक्ष्यांची तोंडं एकमेकांकडे होती. आपल्या हातची नक्षी एवढी माणसं अंगावर मिरवताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. खोटं कशाला, तिला बरं वाटत होतं.

त्याच तोंडांवरून कंपनीच्या दिल्लीतल्या वकिलांनी माग काढला. साऱ्या वऱ्हाडात आमच्या छापाची नक्कल उलट्या तोंडाने होते आहे आणि तिचा उगम राजापेठेतल्या या दुकानात आहे, असं कागदात लिहिलं होतं. अपेक्षाने तो आजीला मराठीत समजावून सांगितला होता, न्यायालयात वाचतात तशा सपाट आवाजात.

*

जठारपेठेतल्या घरात रागिणीने पुढच्या खोलीत महालक्ष्म्या उभ्या केल्या होत्या. हिरवी आणि लाल पैठणी, नथी, पुढ्यात गव्हा-तांदळाच्या राशी, वरून टांगलेल्या करंज्या. शकुन हात जोडून उभी राहिली आणि तिची नजर मागच्या पडद्यावर गेली. गुलाबी पडदा, त्यावर सोनेरी बगळ्यांच्या जोड्या. चोचीला चोच.

"बाजारात सारीकडे हाच मिळून राह्यला, माय," रागिणी म्हणाली. "मी म्हटलं, घरचाच तर हाये."

अपेक्षाने पडद्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

महालक्ष्म्या बसलेल्या घरात आवाज चढवायचा नाही, हा गावंडेंचा नेम होता. रागिणीच्या सासूने तो पाळला, रागिणी पाळत होती. त्यामुळे दोन तास सगळे हळू बोलत राहिले. सोळा भाज्यांची भाजी झाली, आंबील झाली, पुरण झालं. शेजारपाजारच्या बाया दर्शनाला येत होत्या आणि त्यांच्या मुली अंकुरबरोबर फोटो काढून घेत होत्या. तो हसत होता, पण मामाकडे बघत नव्हता. मामा त्याच्याकडे बघत नव्हता. पंगतीत नीलमने रागिणीच्या हातून काही वाढून घेतलं नाही आणि रागिणीने नीलमला आग्रह केला नाही. बाहेरच्या माणसाला काही कळलं नसतं.

जेवणं आटोपली, बाया पांगल्या, तशी सगळी मंडळी गच्चीवरच्या खोलीत चढली. रागिणीच्या नवऱ्याने, अनुपरावांनी, दार लोटून घेतलं. ते जिल्हा परिषदेत होते. कागद हातात घेतला की त्यांचा चेहरा ऑफिसातल्यासारखा व्हायचा.

"हे पाहा," ते म्हणाले, "नक्कल केली हा एक गुन्हा. तो कबूल करून माफी मागता येते. पण त्यांचा खरा राग इथं हाये. नकली माल असली म्हणून विकला, असं म्हणून राह्यले ते. हे फसवणुकीत जाते."

"कोणामुळं जाते?" विपुल अंकुरकडे वळला. "कोण म्हणत फिरला का मी इटलीचं जाकीट घेतलं म्हणून? दोन लाखाचं म्हणे! मुलाखतीत सांगत होता शहाणा."

"दादा, माया पोराले शहाणा म्हणू नको."

"मंग काय म्हणू, रागिणी? त्याच्या एका थापेनं माया लेकीची खुर्ची जाऊन राहिली!"

"हळू बोल. खाली महालक्ष्म्या हायेत."

विपुलने आवाज खाली घेतला, पण मान ताठच होती. शकुन खाटेच्या कडेला बसली होती. मुलाखतीची गोष्ट तिला माहीत नव्हती. तिने अंकुरला जवळ बोलावलं.

"काय सांगतलं होतं रे तू?"

अंकुर खाली बघत राहिला.

"मुंबईच्या दुकानातून घेतलं म्हणून सांगतलं," शेवटी तो म्हणाला.

"काहून?"

"नागपूरचे पोट्टे गाण्याखाली लिहून राह्यले होते, आजी. अंक्याचं जाकीट त्याच्या आजीनं शिवलं म्हणून. हसून राह्यले होते सारे."

"मंग? आजीनंच तर शिवलं होतं."

त्याचे डोळे भरून आले होते. शकुनला राग येईल असं वाटलं होतं, पण राग आला नाही. चाळीस वर्षांपूर्वी रागिणीच्या शाळेत ती शाळेच्या बिल्ल्यांचा गठ्ठा घेऊन गेली होती, तेव्हा रागिणी मैत्रिणींना म्हणाली होती, ही आमच्या दुकानातली बाई आहे. शकुनने ते ऐकलं होतं आणि जन्मभर कोणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही.

"झालं ना मंग," नीलम म्हणाली. "त्यानं लिहून द्यावं का मी खोटं बोललो. माया लेकीचा काई संबंध नाई. संपलं."

"काहून तो एकटाच लिहून देईल?" रागिणी म्हणाली. "उद्या त्याले सिनेमाचं गाणं मिळून राह्यलं. पुण्याचे लोक सही कराले येऊन राह्यले. साऱ्या जगात तो खोटारडा ठरला तर कोण उभं करीन त्याले? तुमाले तुमची अपेक्षा दिसते. मले माया पोरगा दिसत नाई काय?"

"तुया पोरगा गाणं म्हणते, रागिणी. माया लेकीनं सहा वर्षं अभ्यास केला."

"वहिनी, त्यानंही कष्टच केले."

"थांबा," अंकुर म्हणाला. त्याने बाहीने डोळे पुसले. "मी लिहून देतो. मी बोललो, मी भोगीन. पण मामा, त्या चिठ्ठीचं कोण लिहून देईन?"

"कोणती चिठ्ठी?" शकुनने विचारलं.

विपुल उठून खिडकीपाशी गेला.

अंकुर खाली पळाला आणि एक जाकीट घेऊन आला. गाण्यातलं नव्हतं ते. त्याच्या मित्राने राजापेठेतून विकत आणलेलं होतं. त्याने कॉलर उलटी करून आजीपुढे धरली. आतल्या बाजूला लेबलची रेशमी काळी चिठ्ठी होती, सोनेरी इंग्रजी अक्षरांची. चारी बाजूंनी बारीक, सारख्या अंतराची तुरपाई. टाका कुठे दिसतो, कुठे दिसत नाही.

ती तुरपाई कोणाची आहे, हे शकुनला कोणी सांगावं लागलं नाही.

"काय लिहिलं हाये यावर?"

अपेक्षाने जाकीट हातात घेतलं आणि वाचलं. "व्हालब्रोनी. इटलीत तयार केलेलं."

शकुनने हात लांबवून टाक्यांवरून बोट फिरवलं.

"विपुल," शकुन म्हणाली. "तू मले धुण्याच्या सूचनेची चिठ्ठी म्हणून सांगतलं होतं. गरम पाण्यात टाकू नका असं लिहिलं हाये म्हणे."

विपुलची पाठ होती तिच्याकडे. "गिऱ्हाईक म्हणे, गाण्यातलंच पायजे. नसलं तर नको. दिल्लीच्या एका व्यापाऱ्यानं चिठ्ठ्यांचं रीळ पाठवलं. सारेच लावतात, माय. मी एकटाच नाई."

"तू एकट्यानंच मले खोटं सांगतलं."

"मंग काय करू?" तो वळला. त्याच्या तोंडावरचं सगळं अवसान गेलं होतं. "अपेक्षाची पुण्याची शिकवणी, तिथलं राहणं, परीक्षा. कोणासाठी केलं मी?"

अपेक्षाने जाकीट खाटेवर ठेवलं. घडी घालून ठेवलं, जसं दुकानात ठेवतात.

"माझ्यासाठी केलं, बाबा?" एवढंच ती म्हणाली.

नीलम नवऱ्याकडे पाहत राहिली. कारंजा-मूर्तिजापूरचे नातेवाईक, राजापेठ, सगळीकडे ती गेले बारा दिवस भाच्याला शिव्या घालत फिरली होती. ती उठली, अंकुरच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सकाळपासून ती पहिल्यांदाच त्याच्याजवळ गेली होती. रागिणी मात्र आता भावाकडे बघवत नसल्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसली.

अनुपराव सासूकडे वळून खाकरले.

"मामी, वाईट वाटून घेऊ नका. एक मार्ग हाये. तुमी लिहून द्या. दुकान मीच चालवते, खाका माया, चिठ्ठी मीच लावली. तुमचं वय एकाहत्तर. पोलीससुद्धा हात जोडतीन. पोरगीही सुटते, पोरगाही सुटते, अन् विपुल भाऊसाहेबही."

"अन् ते काई पूर्ण खोटंही नाई," विपुल हळूच म्हणाला. "टाके तुयेच हायेत, माय."

शकुनने त्याच्याकडे पाहिलं. हा तिचा थोरला. लहानपणी मशीनच्या पायाजवळ दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची गाडी करून खेळायचा. त्याच्यासाठी ती काय करणार नव्हती? सही काय, तिने हात तोडून दिला असता. आणि सगळ्यांच्या तोंडावर तीच आस होती, रागिणीच्यासुद्धा. एका सहीत सगळं घर मोकळं होणार होतं. तिला स्वतःलाही ते सोपं वाटलं. कागद आणा, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

"आजी," अपेक्षा म्हणाली, "तू सही केलीस तर मी काही बोलणार नाही. पण मला पडताळणीच्या फॉर्मवर लिहावं लागेल की यातलं मला काय माहीत आहे. आणि मला आता सगळं माहीत आहे."

"मंग नको लिहू!" विपुल म्हणाला. "कोण इचारते?"

"बाबा, उद्या माझ्यासमोर म्हातारी बाई उभी करतील कोणी तरी. सगळं मीच केलं म्हणून सांगायला. मी काय करायचं तेव्हा?"

ती रडत नव्हती. तिचा आवाजही चढला नव्हता. पण हाताची बोटं एकमेकांत अशी गुंतली होती की नखं पांढरी पडली होती. बापाचं नाव आपल्या तोंडून निघू नये म्हणून ती धडपडत होती, आणि ते निघाल्याशिवाय चालणार नव्हतं, हे शकुनला दिसलं. हे नाव लेकीने घ्यायचं नाही. ते आईने घ्यायचं.

"रागिणी," ती म्हणाली, "कागद घे. तुयं अक्षर चांगलं हाये."

"काय लिहू, माय?"

"लिही. बगळे मी काढले. खाका माया हाये, तो घरी पेटीत हाये, पायजे तर घेऊन जा. छाप दुसऱ्याचा हाये हे मले माहीत होतं. तोंडं फिरवली म्हणून तो माया झाला असं मी समजली. ती माई चूक. पुढं लिही. नातवाले जाकीट मीच शिवून देल्लं. त्यानं ते इटलीचं हाये म्हणून सांगतलं, ती त्याची चूक. दुकान अपेक्षाच्या नावावर आमी केलं, तिले न विचारता. ती एक दिवसही दुकानात बसली नाई."

रागिणी लिहीत होती. शकुन थांबली.

"अन् चिठ्ठी?" अनुपरावांनी विचारलं.

"टाके माये हायेत," शकुन म्हणाली. तिने विपुलकडे पाहिलं. "पण मले ते वाचता येत नव्हतं, बाबू. तुले येत होतं."

विपुल उभाच होता. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. लेकीकडे बघायचं त्याला धैर्य झालं नाही. खाली कोणी तरी दर्शनाला आलं होतं, घंटी वाजली, आणि रागिणी सवयीने उठायला लागली.

"बस," विपुल म्हणाला. "दे तो पेन इकडं."

तो खाली जमिनीवर बसला, कागद मांडीवर घेतला आणि पुढचं त्याने स्वतः लिहिलं. चार ओळी असतील. शेवटी सही केली आणि कागद लेकीच्या हातात न देता खाटेवर, जाकिटाच्या बाजूला ठेवला.

संध्याकाळच्या आरतीला सगळे खाली उभे होते. ताट विपुलच्या हातात आलं तेव्हा त्याने ते ओवाळलं नाही, तसंच पुढे अंकुरला दिलं.

*

अंकुरने दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर उभं राहून मोबाइलवर सांगितलं की ते जाकीट इटलीचं नव्हतं, ते अमरावतीत राजापेठेत त्याच्या आजीने शिवलं होतं आणि तो लाजेपोटी खोटं बोलला होता. ते गाण्याएवढं कोणी पाहिलं नाही. गाणं कंपनीच्या सांगण्यावरून काढून टाकण्यात आलं. पुण्याचे लोक सही करायला आले नाहीत. आता तो अकोल्यात लग्नांना ध्वनियंत्रणा पुरवतो आणि कोणी आग्रह केला तर गातो. गळा त्याचा पूर्वीपेक्षा चांगला झाला आहे, असं शकुनला वाटतं. आता तो भरभर बोलत नाही.

रागिणी दोन वर्षं माहेरी आली नाही. भावाने चार ओळी लिहिल्या, त्या फायलीत गेल्या. तिच्या पोराची अब्रू मात्र मोबाइलवर गेली, हे तिच्या मनातून जाईना. तिसऱ्या वर्षी ती आली, तीन दिवस राहिली आणि निघताना तिने नीलमकडून ओटी भरून घेतली. अनुपराव निवृत्त झाले. सासूकडे सही मागितल्याचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही आणि शकुननेही.

नीलम नवऱ्याशी चार महिने कामापुरतं बोलली. दुकान बंद झालं, गाळा सुटला. बारा सुयांचं मशीन विकलं. आता ती घरीच ब्लाउज शिवते आणि जे शिवते त्याच्यावर कोणतीही नक्षी काढत नाही.

खाका दिल्लीचे लोक घेऊन गेले. गुलाबी पडदे बाजारात अजून मिळतात.

शकुनचे डोळे गेले नाहीत, पण सुई तिने खाली ठेवली ती ठेवलीच. विचारलं तर म्हणते, बोटं ऐकत नाहीत.

अपेक्षाने फॉर्मवर सगळं लिहिलं. तिच्याबरोबरची पोरं प्रशिक्षणाला गेली आणि ती चौदा महिने राजापेठेतल्या घरात टपालाची वाट बघत बसली. बॅनर उतरले होते. शेजारच्या बाया विचारायच्या थांबल्या होत्या. एकदा तिने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली, आणि शकुनने ती दुसऱ्या दिवशी नीलमकडून खाली काढवून घेतली. मग नेमणुकीचा हुकूम आला. प्रशिक्षण झालं. सगळ्यांच्या मागून, सगळ्यांत शेवटी. पुढे तिची बदली धारणीला झाली.

विपुलवर गुन्हा दाखल झाला होता. त्याने वकील लावला नाही. अमरावतीच्या कोर्टात उभा राहून कबूल म्हणाला. पहिलाच गुन्हा, स्वतःहून दिलेली कबुली, हे बघून न्यायाधीश साहेबांनी दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा दिली. तो दिवसभर मागच्या बाकावर बसला. पाणीसुद्धा प्यायला उठला नाही, असं तिथल्या शिपायाने नंतर नीलमला सांगितलं.

लेकीचं बिऱ्हाड धारणीला गेलं तेव्हा सामान पोचवायला तो गेला, आणि मग महिन्यातून एकदा जाऊ लागला. लोणचं, ज्वारीचं पीठ, मिरच्या. एकदा शकुन त्याच्याबरोबर गेली. मेळघाटातल्या रस्त्याने जीपमध्ये तिची हाडं खिळखिळी झाली. पोचले तेव्हा दुपार होती, कोर्ट चालू होतं. शिपायाने ओळखलं, आत या म्हणाला. शकुन आत जाऊन मागे बसली आणि उंचावर, काळ्या कोटात बसलेल्या नातीला तिने डोळे भरून पाहिलं. अपेक्षाने एका बाईला काही तरी विचारलं आणि बाई बोलेपर्यंत, घाई न करता, थांबून राहिली.

विपुल आत आला नाही. शकुन बाहेर आली तर तो मोहाच्या झाडाखालच्या बाकावर बसला होता, डबा मांडीवर घेऊन.

"अरे, आत चाल ना. किती छान दिसून राह्यली."

"तू पाह्यलं ना, माय."

"तू कवा पाहशीन?"

त्याने डब्याचं झाकण पुन्हा घट्ट केलं. शकुन त्याच्या बाजूला बसली. माणसं कोर्टातून बाहेर येत होती, चहा पिऊन पुन्हा आत जात होती. ऊन बाकावरून सरकून भिंतीवर गेलं. साडेपाच वाजले. आत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, शिपाई दारात आला आणि कोर्ट उठलं म्हणाला.

तेव्हा विपुल उठला.